मागच्यांसाठी मूठभर वाळू

आमच्या नात्यागोत्यात गोल्फ खेळणारी मी एकटीच. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात, हार्मोनियम शिकतात, सोसायटीच्या कमिटीत शिरून भांडतात. मी हे धरलं. त्यामुळे लग्नामुंजीत कुणी ना कुणी विचारतंच, ‘म्हणजे ते टोपी घालून, छोट्या गाडीत बसून खेळतात ते?’ गाडीत बसत नाही, चालते, असं सांगितलं की समोरच्याचा जरा विरस होतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘पण चार-चार तास करता काय तिथं?’

प्रश्न रास्त आहे. चार तासांत प्रत्यक्ष चेंडू मारण्याचा वेळ मोजला तर तो मिनिटांतच संपतो. उरलेला सगळा वेळ चालण्यात, चेंडू शोधण्यात, दुसऱ्याची पाळी असताना गप्प उभं राहण्यात आणि एकूणच चारचौघांशी बरं वागण्यात जातो. मला या खेळात गोडी लागली ती या उरलेल्या वेळामुळे. माझा खेळ यथातथाच आहे. तो सुधारेल अशी आशा माझ्या कॅडीनंही, म्हणजे काठ्यांची बॅग उचलून बरोबर चालणाऱ्या माणसानंही, सोडलेली आहे.

हा श्रीमंतांचा खेळ आहे हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे वाचताना कुणाला मध्येच ठसका लागायला नको. कलकत्त्याचा क्लब 1829 सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा सगळ्यात जुना गोल्फ क्लब. तिथपासून आजपर्यंत भारतातल्या गोल्फ क्लबांच्या फाटकावर कुणाला आत घ्यायचं याचा हिशेब सतत चालू आहे. मुंबईत 1918 साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी महालक्ष्मीजवळ क्लब काढला, त्यात भारतीय आणि युरोपीय असे दोघंही सदस्य होऊ शकत, आणि त्या काळात ही मोठी बातमी होती. बायकांचं विचाराल तर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जगप्रसिद्ध क्लबानं आम्हाला सदस्य करून घ्यायचं ठरवलं ते 2014 साली. त्याच महिन्यात आपलं मंगळयान मंगळाला पोचलं. माझा क्लब एवढा जुनाही नाही आणि एवढा मोठाही नाही. पुणे परिसरात आहे, इतकं पुरे.

तर वाळू. सुरुवातीला मला शिकवलं गेलं त्यात हे वाळूचं प्रकरण फार लवकर आलं. फेअरवेवरून, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावरून, चेंडू मारला की काठीच्या पात्यानं तळहाताएवढा गवताचा ढलपा उडतो. त्याला डिव्हट म्हणतात. ढलपा धड असेल तर उचलून आणायचा, जागी बसवायचा, पायानं दाबायचा. फुटला असेल तर कॅडीच्या खांद्याला वाळूची पिशवी असते, त्यातली मूठभर वाळू खड्ड्यात ओतून सपाट करायची. ग्रीनवर, म्हणजे चेंडू ज्या होलमध्ये घालायचा त्याच्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू उंचावरून पडून खळगा पडला तर खिशातल्या दोन दातांच्या काट्यानं कडेची माती आत ओढून तो बुजवायचा. लगेच बुजवला तर गवत पटकन सावरतं, तसाच सोडला तर तिथं पिवळा डाग पडून बसतो. बंकरमधून, म्हणजे मुद्दाम केलेल्या वाळूच्या खड्ड्यातून, बाहेर येताना आपल्या पावलांवरून दाताळं फिरवायचं. यातलं काहीही आपल्या उपयोगाचं नाही. आपण पुढं निघून गेलेले असतो. मागून येणाऱ्या चौघांतल्या कुणाचा तरी चेंडू नेमका त्या जागी थांबला तर त्याला बरं पडावं, यासाठी ही सगळी उठाठेव. ते चौघं कोण हे आपल्याला बहुतेक वेळा माहीतही नसतं.

बँकेत मी अनेक वर्षं काउंटरवर काढली. ‘पुढच्या माणसाचं बघेल पुढचा माणूस’ हे तिथं मी इतक्या वेळा ऐकलंय, की गोल्फमधली ही पद्धत मला पहिल्यांदा ढोंगी वाटली होती. आता वाटत नाही. इथं चांगलं वागायला चांगलं असावं लागत नाही, हाच मला तिचा मोठा गुण वाटतो. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. कुणाशी धड बोलत नाहीत, वेटरवर खेकसतात, कमिटीला लांबलचक तक्रारी लिहितात. पण ग्रीनवर आले की स्वतःचा खळगा बुजवून झाल्यावर आजूबाजूचे आणखी दोन-तीन बुजवतात, तेही खाली वाकताना कण्हत. त्यांचं मन बदलायची वाट बघत बसलो असतो तर ग्रीनची चाळण झाली असती.

गवताचा विषय निघालाय तर हेही सांगते. आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर जे बर्म्युडा नावाचं गवत असतं ती हरळीचीच जात. म्हणजे लाखो रुपये खर्च करून, यंत्रांनी कापून, रात्री पाणी पाजून ज्याची बडदास्त ठेवतात ते गवत आणि गणपतीच्या दूर्वा हे भाऊबंद आहेत. माझ्या आईला हे सांगितल्यावर तिचं गोल्फबद्दलचं मत एकदम सुधारलं. मात्र ग्रीनवरचं गवत कामाचं नाही. तिथं ते तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं, त्याला कोंब म्हणून धरत नाहीत, शिवाय औषधांची फवारणी. दूर्वा मिळतात त्या कडेच्या रफमध्ये, तारेच्या कुंपणालगत, जिथं यंत्र पोचत नाही. आमच्या एका माळ्याच्या बायकोनं गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिथल्या दूर्वा खुडून एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधल्या आणि सायकलींच्या स्टँडजवळ टोपलीत ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी लोक टोपली कुठंय म्हणून विचारू लागले. आता काहीजण तिला पैसे देतात, काहीजण नुसतं ‘वा वा’ म्हणून उचलतात. दुसऱ्या प्रकारच्या लोकांची नावं मला पाठ आहेत.

पण क्लबात सगळ्यात जास्त दयाबुद्धीचा माणूस कोण, असं विचारलंत तर मी स्टार्टरचं नाव घेईन. पहिल्या ‘टी’पाशी, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तिथं, एक छोटी खोली, त्यात टेबल, टेबलावर वही आणि थर्मास. कुणी किती वाजता निघायचं, कुणाबरोबर निघायचं हे तो ठरवतो. चौघांचा जुना गट असेल तर त्याला काही करावं लागत नाही. त्याची कला दिसते ती एकट्या आलेल्या माणसांच्या बाबतीत. नवशिक्या बाईला तो कधीही घाईतल्या चौकडीत ढकलत नाही. सासू-सासऱ्यांच्या आजारपणातून तासभर सुटून आलेली एक मुलगी होती, तिला तो दिवसातली पहिली वेळ द्यायचा आणि वहीत तिच्या नावापुढं बारीक ‘नऊ’ लिहायचा. नऊ होल, म्हणजे अठरा टप्प्यांच्या फेरीतले अर्धे, झाले की तिला गुपचूप निघता यावं, मागच्यांनी बोंब मारू नये, म्हणून.

एका सदस्याची बायको गेली. दोन-अडीच महिन्यांनी ते पहिल्यांदा आले, एकटेच, हातात जुनी बॅग. आम्ही सगळे चहाचे कप घेऊन उभे होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी पुढं व्हावं. स्टार्टरनं वही बघितली आणि त्यांना ज्या तिघांबरोबर घातलं ते क्लबातले सगळ्यात बडबडे तिघं. त्यांच्या बोलण्यात पेट्रोलचे भाव, गुडघ्याची ऑपरेशनं आणि 1983 चा वर्ल्ड कप यापलीकडं काही येत नाही. मला ते क्रूर वाटलं. नंतर स्टार्टरला विचारलं, की अहो, समजूतदार माणसं दिली असती तर? तो म्हणाला, ‘मॅडम, समजूतदार लोक विचारत बसले असते, कसे आहात, कसे आहात. या तिघांना दुसऱ्याचं ऐकायची सवयच नाही.’ ते गृहस्थ पुढं कित्येक महिने त्याच तिघांबरोबर खेळत राहिले. पावसाळ्याच्या सुमारास त्यांनी एकदा वर्ल्ड कपवरून वाद घातल्याचं माझ्या कानावर आलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता थोडं गणित. टेनिसमध्ये मी माझ्यापेक्षा चांगल्या खेळाडूसमोर उभी राहिले तर दहा मिनिटांत दोघांनाही कंटाळा येईल. गोल्फमध्ये हँडिकॅप नावाची सोय आहे; खेळाडू जितका कच्चा, तितका त्याचा हा आकडा मोठा. माझा अठ्ठावीस, समोरच्याचा नऊ असेल तर आमच्या दोघांच्या सामन्यात मला एकोणीस फटक्यांची सवलत: अठरा होलवर प्रत्येकी एक, आणि सगळ्यात अवघड होलवर आणखी एक. 2020 पासून जगभर एकच पद्धत लागू झाली आणि आता हँडिकॅप 54 पर्यंत असू शकतो, म्हणजे अगदी धडपडणाऱ्यालाही सामन्यात जागा आहे. सवलत मागावी लागत नाही, ती कार्डावरच छापलेली असते, त्यामुळे घेणाऱ्याला लाज वाटत नाही आणि देणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटत नाही.

आणखी एक उपकार फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्लिश डॉक्टरचा. त्यांनी गुण मोजण्याची वेगळी रीत काढली, ती 1932 साली वॉलसी इथल्या क्लबात वापरली गेली आणि मग सगळीकडं पसरली. त्यात पारला, म्हणजे त्या होलसाठी ठरवून दिलेल्या फटक्यांत चेंडू घातला तर, दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, त्याहून वाईट खेळलात तर शून्य. शून्याच्या खाली काही नाही. एखाद्या होलवर तुमचे अकरा फटके झाले तरी शून्यच, चेंडू उचला आणि पुढं चला. ज्यांचा वर्षाचा निकाल एका तिमाहीनं बिघडू शकतो अशा धंद्यात मी आयुष्य काढलं. एका वाईट होलनं अख्खी सकाळ नासायची नाही असं कुणीतरी बसून ठरवलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

गिमीबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. चेंडू होलच्या अगदी जवळ आहे, बहुतेक जाणारच, तर समोरचा म्हणतो, ‘दिला’. मग तो मारावा लागत नाही. 1969 सालच्या रायडर कपच्या, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या सांघिक स्पर्धेच्या, शेवटच्या सामन्यात शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निक्लॉसनं ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला असा साधारण दोन फुटांचा पुट, म्हणजे ग्रीनवरून होलकडं ढकलायचा फटका, दिला. त्यामुळे तो सामना बरोबरीत सुटला आणि अख्खा कपही 16–16 असा बरोबरीत राहिला. गोल्फच्या दिलदारीची ही सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. माझा जीव मात्र तिच्या शेपटाशी आहे: निक्लॉसचा कर्णधार सॅम स्नीड या औदार्यावर चांगलाच वैतागला होता. प्रत्येक चौकडीत एक स्नीड असतो. आमच्याकडचा तर ‘दिला’ म्हणण्याआधी अंतर डोळ्यांनी असं मोजतो की जमिनीचा सातबारा त्याच्या नावावर आहे. त्यानं दिलेला पुट घेताना जे समाधान मिळतं ते भल्या माणसानं दिलेल्या पुटात नाही, हेही तितकंच खरं.

काही गोष्टी नियमात अजिबात नाहीत. पुण्याच्या आकाशात सुखोई विमानं सरावाला निघतात. काठी वर नेलेली आणि नेमका तेव्हा डोक्यावर तो कडकडाट झाला, तर चेंडू कुठंही जातो. नियम म्हणतो, फटका मोजा. आमच्यात कुणीतरी आकाशाकडं बघत म्हणतं, ‘परत मार.’ स्पर्धेत असं चालत नाही; एरवी चालतं.

चेंडू हरवला की चौघंही कामाला लागतात. 2019 पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच मिळायची. या तीन मिनिटांत निवृत्त कर्नल, दंतवैद्य आणि मी अशी साठीच्या आसपासची माणसं काँग्रेस गवतात कंबरेपर्यंत शिरून तिसऱ्याच कुणाचा तरी पांढरा चेंडू हुडकत असतो. सापडला की सापडवणाऱ्याचा आनंद मालकापेक्षा मोठा. खरंतर तो सापडला नाही तर सामन्यात फायदा आपलाच असतो, पण हे शोधताना कुणाच्या ध्यानात राहत नाही. निदान माझ्या तरी.

उन्हाळ्यात टिटव्या फेअरवेच्या कडेला उघड्यावरच अंडी घालतात. खड्यांसारखी ठिपकेदार, बहुधा चार. घरटं म्हणावं असं काही नसतंच. कोर्सवर ज्याला पहिल्यांदा ती दिसतील त्यानं माळ्याला सांगायचं. माळी चार काटक्या रोवून सुतळी बांधतो आणि पुढचा जवळजवळ महिनाभर गवत कापायचं यंत्र त्या चौकोनाला वळसा घालून जातं. चेंडू आत गेला तर दंड न घेता बाहेर ठेवायचा. टिटवीला यातलं काही मान्य नसतं. ती प्रत्येक माणसावर ओरडत झेपावते, रक्षण करणाऱ्यावर सुद्धा. मुख्य माळी तिला ‘सेक्रेटरीबाई’ म्हणतात.

एखाद्यानं टीवरून मारलेला चेंडू एका फटक्यात होलमध्ये गेला, की त्यानं सगळ्यांना पाजायचं अशी जगभर रीत आहे. जपानमध्ये या खर्चाचा विमा मिळतो, यावरून काय ते समजा. आमच्यातले एक काका तळ्यातले चेंडू जाळीनं काढून, धुऊन वापरतात. नवा चेंडू घेताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. त्यांचा होल-इन-वन झाला तो आडवारी, कोर्सवर मोजकी माणसं असताना, आणि लोक म्हणाले, बघा, नशीबसुद्धा काटकसरी. काका दोन दिवस दिसले नाहीत. रविवारी सकाळी मात्र टेम्पो आला, त्यात मिसळीची पातेली आणि पावाच्या लाद्या. सदस्यांना आधी नाही. आधी माळी, कॅडी, पंपावरचा माणूस, स्वयंपाकघरातली मंडळी. आम्ही रांगेत शेवटी उभे होतो आणि आमच्यापर्यंत तर्री संपत आली होती. काकांनी पुढच्या सोमवारी परत जाळी काढली.

कॅडींबद्दल लिहिताना माझा हात जरा अडखळतो. जे जे चांगलं मी वर सांगितलं त्याचं बरंचसं ओझं त्यांच्या खांद्यावर असतं, अगदी शब्दशः. माझ्याबरोबर जे असतात त्यांना सगळा क्लब मामा म्हणतो. आधी ते मला मॅडम म्हणायचे, मग केव्हातरी ताई झाले. ‘सात नंबर पुरे, ताई.’ ‘उतार आहे, नुसता हात लावा.’ आणि फटका अगदीच वाया गेला तर काहीच नाही, फक्त पुढची काठी हातात. कुठं बोलायचं नाही हे त्यांच्याइतकं मला कुणाकडूनच शिकता आलेलं नाही.

पण मामा माझ्यापेक्षा कितीतरी चांगले खेळतात. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी हेच चित्र आहे. दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरनं 1991 साली इंडियन ओपन जिंकली आणि 1993 साली पुन्हा जिंकली. चेंबूरच्या कोर्सवर काम करणारी पोरं वस्तीतल्या बोळांत बांधकामाची सळई वाकवून केलेल्या काठीनं आणि प्लॅस्टिकच्या चेंडूनं गोल्फ खेळतात. हे ऐकून कौतुकानं मान डोलवणारे लोक मला आवडत नाहीत. मी स्वतः डोलवलेली आहे. 2020 च्या टाळेबंदीत कोर्स बंद झाले तेव्हा कॅडींचं उत्पन्न एका दिवसात शून्यावर आलं, कारण त्यांना पगार नसतो, फेरीमागं पैसे मिळतात. आम्ही वर्गणी काढली, शिधा पोचवला. चांगलं झालं. पण वर्गणी ही देणाऱ्याच्या मनावर असते. हँडिकॅपसारखं काहीतरी कार्डावर छापून यायला हवं होतं, विमा म्हणा, भविष्य निर्वाह निधी म्हणा. हे मी वार्षिक सभेत बोलले. ठराव पुढच्या सभेकडं गेला. पुढच्या सभेत पार्किंगवर चर्चा झाली.

सोमवारी कोर्स सदस्यांना बंद असतो, दुरुस्तीची कामं चालतात आणि त्या दिवशी कॅडी खेळतात. एका सोमवारी मामा म्हणाले, ‘ताई, आमची मॅच आहे. बघायला येता?’ गेले. त्यांच्याकडं बॅग उचलायला कुणी नव्हतं म्हणून मी उचलली. आत निरनिराळ्या संचांतल्या काठ्या, सदस्यांनी टाकून दिलेल्या, काहींचे दस्ते टेपनं गुंडाळलेले. पहिल्याच ग्रीनवर मी त्यांच्या पुटच्या रेषेत उभी राहिले. ‘ताई, सावली,’ एवढंच म्हणाले. चौथ्या होलवर बंकरवर दाताळं फिरवून मी बाहेर आले तर त्यांनी मागं वळून पाहिलं, काही बोलले नाहीत, फक्त थांबले. मी परत आत जाऊन नीट फिरवलं. बाकीचे कॅडी तोंडं फिरवून हसत होते.

मामा एका गुणानं हरले. कार्डावर सह्या झाल्या, आणि मग त्यांनी खिशातून दहाची नोट काढली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं माझ्या हातावर ठेवली. ‘कॅडी फी. टिप नाही, बंकर दोनदा करावा लागला.’

क्लबात रोख चालत नाही, सही करून बिल होतं आणि कॅन्टीनमध्ये मामा माझ्याबरोबर टेबलाला बसू शकत नाहीत. म्हणून आम्ही फाटकाबाहेरच्या टपरीवर गेलो. दहा रुपयांत एकच चहा आला. दुसऱ्याचे पैसे मामांनी दिले.